विरजणावर पाळत

दही गोड लागलं, तिथून सुरुवात झाली.

गोड म्हणजे साखरेसारखं नव्हे. आंबटपणाचा एक चिमटा जिभेच्या कडेला बसायचा, तो बसेना. मी भाताबरोबर खाऊन बघितलं, मग नुसतं खाल्लं. सून समोरच उभी होती.

"काय झालं बाबा?"

"दही कोणाचं आहे?"

"कोणाचं म्हणजे? आपलंच."

"आपलं असं लागत नाही."

"थंडी पडलीय ना. थंडीत कमी आंबतं."

मी जेवत राहिलो. पण बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, ओटा पुसत होती. आणि ओटा तर पुसलेलाच होता.

आता दह्यावरून एवढं काय, असं कोणी म्हणेल. म्हणून सांगतो. बायको उन्हाळ्यात गेली. तिच्या साड्या माझ्या बहिणीनं वाटून टाकल्या, तशी रीतच आहे. तिनं कुटलेला मसाला पावसाळ्यात संपला. कैरीची बरणी गणपतीच्या आधीच तळाला लागली, आणि नंतर कोणीतरी ती धुऊनही ठेवली, मला न विचारता. राहिलं काय, तर विरजण. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिच्या हातात एक गाडगं दिलं होतं, दह्याचं. त्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. घर कौलाचं होतं ते स्लॅबचं झालं, म्हशी गेल्या, पिशवीचं दूध आलं, पण विरजण तेच. तिचं कार्य उरकल्यावर पहिल्या दिवशी ताटात दही आलं तेव्हा मी भात बाजूला सारून आधी तेच खाल्लं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "ती गेली, पण तिचं विरजण आहे. रोज तिच्या हातचंच खातो." बोळिंजहून सुनेच्या माहेरची माणसं आली, त्यांनाही सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. सून तेव्हाही काहीतरी पुसत होती, हे मला आता आठवतं.

तर तेवढं एक राहिलं होतं. तेही कोणी बदललं असेल, तर मग मी रोज काय खात होतो?

आमच्या लहानपणी गावात थंड म्हणजे विहीर, माठ आणि रात्र. चौथं काही नव्हतं. दूध तापवून शिंक्यावर ठेवायचं. शिंकं म्हणजे काथ्याच्या दोरीची झोळी, आढ्याला टांगलेली. तिच्यात मडकं बसायचं आणि मांजर खाली बसून वर बघत राहायचं. जे शिंक्यावर मावायचं नाही ते पातेलं पाण्याच्या परातीत, मुंग्यांना पोहता येत नाही म्हणून. मासळी उरली तर मीठ-हळद लावून केळीच्या पानात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत. सकाळी खाल्ली तर आपली, दुपार केली तर मांजराची. लग्नकार्य असलं की बर्फाची लादी यायची, भुशात पुरून, गोणपाटात बांधून. येईपर्यंत निम्मी रस्त्यावर सांडलेली असायची, आणि आणणारा देवाची शपथ घेऊन सांगायचा की निघाली तेव्हा एवढीच होती. त्या शपथेवर मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही.

लोणी विहिरीत असायचं. डब्याला दोरी बांधून पाण्याच्या वर हातभर सोडायचा, तिथं गारवा असतो. डबा वर काढला की आई आधी झाकण बघायची, मग लोण्यावर कोणाच्या बोटाची खूण आहे का ते बघायची, आणि मग आमची बोटं. तिनं मागं दोन गोष्टी ठेवल्या. विरजण सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला दिलं आणि संशय मला.

आमच्या वाडीला लागून, केळीच्या पलीकडे, एक ख्रिस्ती घर आहे. त्या घरचा माणूस बोटीवर कामाला होता. आमच्या बाजूला पहिला फ्रीज त्यांच्याकडे आला, दाराला कुलूप असलेला. बायका बघायला गेल्या. माझी बायको परत येऊन म्हणाली, "अवो, कपाटात हिवाळा कोंडून ठेवलाय त्यांनी."

मी म्हटलं, "कुलूप कशाला आहे?"

"पोरं बर्फ खातात म्हनून."

"पोरं, की शेजारी?"

ती हसली, पण मी हसण्यावारी बोललो नव्हतो. पुढे ती आमची मासळी त्या फ्रीजमध्ये ठेवायला लागली. तिथल्या बाईशी तिचं फार जमायचं. ही तिला बाय म्हणायची, ती हिला बाय म्हणायची, आणि दोघींचं कुंपणावरचं बोलणं संपायचं नाही. एकदा तीन पापलेटं दिली, दुसऱ्या दिवशी दोन आली. मी विचारलं, तर बायको म्हणाली, "असू द्या हो."

"का असू द्या? फ्रिजात मासे वितळतात काय?"

मी बांधावर उभा राहून मोठ्यानं बोललो. पलीकडच्या माणसानंही मोठ्यानं ऐकवलं. त्या दिवसापासून मी त्या घराची पायरी चढलो नाही. तो माणूस पुढे वारला, तेव्हा चर्चच्या दारापर्यंत गेलो आणि तिथूनच परतलो. बायकांचं येणं-जाणं चालू राहिलं, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. पण आजही सांगतो, पापलेटं तीन दिली होती.

मग आमच्याकडे फ्रीज आला. बायकोनं त्याच्यावर लगेच भरवसा ठेवला नाही, आणि ते मला आवडलं. पण तिनं त्याला आपल्या घरातलं करून टाकलं ते शब्दांनी. खालच्या भाजीच्या खणाला ती कणगी म्हणायची. दारातल्या फळ्यांना कोनाडे. वरच्या बर्फाच्या कप्प्याला शिंकं, कारण ते वर होतं आणि मांजराचा हात तिथं पोचत नव्हता. लग्न होऊन सून आली, बोळिंजच्या फ्लॅटमधली, नोकरदाराची मुलगी. तिलाही हेच शब्द शिकावे लागले. मुलगा कामावरून फोन करून विचारायचा, कोथिंबीर आहे का घरात? ती सांगायची, "कणगीत आहे." तो म्हणायचा, "अगं, नीट सांग ना, कुठे?" तो याच घरात वाढला आणि त्यालाच कणगी कळायची नाही.

बायको गेल्यावरही सून तेच शब्द बोलत राहिली. बाबा, कोनाड्यातली बाटली द्या. बाबा, शिंक्यातला बर्फ संपलाय. मला वाटायचं, ही चेष्टा करते आहे की काय. माणूस गेल्यावर त्याचे शब्द इतक्या सहज कसे बोलता येतात?

तर दही. मी पाळत ठेवायला लागलो. आधी कचऱ्याचा डबा बघितला. दुधाच्या पिशव्या होत्या, कोपरा कापलेल्या. दह्याची पिशवी एकही नव्हती. म्हणजे बाहेर नेऊन टाकत असणार. मग दह्याच्या भांड्यावर लक्ष गेलं. बायको मातीच्या गाडग्यात लावायची, आता स्टीलच्या डब्यात लागत होतं. गाडगं कुठं गेलं? फुटलं असेल, असं मुलगा म्हणाला. त्याला काहीच माहीत नसतं. मी डब्याच्या झाकणावर तांदळाचा एक दाणा ठेवला. सकाळी दाणा खाली. पण सकाळी दही काढायला झाकण उघडावंच लागतं, हे मला दाणा पडलेला बघितल्यावर सुचलं.

सुनेला सरळ विचारायचं होतं, असं कोणी म्हणेल. लपवणारा माणूस विचारल्यावर सांगतो काय? मग विचारून काय उपयोग?

अशात माझी धाकटी बहीण राहायला आली. तिचं सासर खाडीच्या बाजूला, भातशेतीवालं. बोलायला फटकळ, अगदी माझ्यासारखी. जेवताना दही खाऊन सुनेला म्हणाली, "बरं लागलंय गं. विरजन कुठनं आनलंस नवीन?"

सून म्हणाली, "आत्या, ताक आणते हं," आणि आत गेली.

मी म्हटलं, "नवीन कशाला? तुझ्या वहिनीचंच आहे."

"वैनीचं कसं असेल? मीच तर ओतलं."

"काय ओतलंस?"

"अरे दादा, तू स्मशानात व्हतास. मानूस गेल्यावर घरात शिजलेलं, भरलेलं काय ठेवतात काय? पानी ओतलं, भात ओतला, दूध ओतलं. दह्याचं गाडगं माडाच्या बुडात पालथं केलं. ही पोर मला इचारत व्हती, आत्या, फ्रिजमधलं पन का? म्हटलं, फ्रीज काय घराच्या बाहेर हाय?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे तशीच रीत आहे. पण तिनं पालथं केलेलं ते गाडगं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मी म्हटलं, "भावकीत दिलेलं होतं की तिनं. चुलत्याच्या घरी होतं. तिकडून आणलं असेल."

"सुतक काय आपल्या एका घरात व्हतं? सगळ्या भावकीनं ओतलं त्या दिवशी. कोनाकडं असनार?"

सून ताक घेऊन आली. बहिणीनं तिच्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिनं दोघांना ताक वाढलं आणि म्हणाली, "मीठ बघा हं, कमी असेल."

ताकाला मीठ बरोबर होतं.

त्या दिवसापासून मला दही गिळेना आणि सोडवेनाही. तिचं नाही, हे आता नक्की होतं. मग कोणाचं? महिनोन् महिने मी कोणाच्या हातचं खाऊन पाहुण्यांना बायकोचं म्हणून सांगत होतो? मला वेड्यात काढलं होतं, माझ्याच घरात, माझ्याच ताटात.

बहीण परत गेली आणि मग दोन-चार दिवसांत मला दिसलं. दुपारची वेळ, मी पडवीत डोळे मिटून पडलो होतो. डोळे मिटले म्हणजे मी झोपलो असं घरात सगळे धरून चालतात, ते मी सुधारायला गेलेलो नाही. सून मागच्या दारानं बाहेर पडली. ओढणीखाली काहीतरी झाकलेलं होतं. विहिरीच्या बाजूनं गेली आणि केळीत शिरली.

म्हणजे माल बाहेर चालला होता.

मी चपला काढल्या आणि मागं निघालो. माझ्याच वाडीत मी चोरासारखा चालत होतो. वाळलेली केळीची पानं पायाखाली एवढा आवाज करतात हे इतक्या वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं. बांध ओलांडला. त्या बांधावर उभा राहून मी ओरडलो होतो, त्यानंतर तो ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. शेजारच्या घराच्या मागच्या दारापाशी पोचलो, तर आत बोलणं चालू होतं. मी एका केळीआड उभा राहिलो.

"कोन हाय तिकडं केळीत?" आतून आवाज आला. "धोतराचा काठ दिसतोय. या भाऊ, पुढं या. पापलेट मोजायला आला काय?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. मी पायरी चढलो. शेजारीण खुर्चीवर बसली होती, पाय सुजलेले, मांडीवर सुपात सुकट निवडायला घेतलेली. माझी सून उभी होती, हातात वाटी. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, मी सांगणार होते."

"कधी? मी गेल्यावर?"

"असं काय बोलता?"

"वाटीत काय आहे?"

तिनं झाकण काढलं. दही होतं. आमचंच, घरचं. मी म्हटलं, "हे इकडे कशाला?"

शेजारीण म्हणाली, "तिला काय दटावता? मला इचारा. इथलं बिघडलं तर तिथलं, तिथलं बिघडलं तर इथलं. म्हनून दोन्हीकडं ठेवायचं. मी आनि तुमची बायको हेच करत आलो. तुमचा फ्रीज नव्हता तवापासून. माझा पन नव्हता तवापासून."

मला काही कळेना. सून खाली बघत हळूच सांगायला लागली. त्या दिवशी सगळं ओतलं गेलं. कार्य उरकल्यावर तिनं दूध तापवलं आणि विरजण घालायला गाडगं शोधलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आता काहीच नाही. भावकीत विचारलं, सगळीकडे ओतलेलं. मग ती इकडे आली.

"इथं येऊन मला म्हनते, मावशी, विरजन आहे का," शेजारीण म्हणाली, "आनि मी हो म्हनायच्या आत रडायला लागली. तुमचं सुतक आम्हाला लागत नाय, भाऊ. मी तिच्या नावानं चर्चमधी मिसा दिला, तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, घरी आले आनि दही लावलं. तिच्याच विरजनाचं. मी कशाला ओतू?"

मी सुनेला म्हटलं, "मग हे सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, तिच्या हातचंच खातो म्हणून. त्यात मी कसं सांगू की मध्ये ओतलं होतं? आणि इथून आणलं म्हटल्यावर तुम्ही खाल्लं असतं?"

उत्तर तिला माहीत होतं.

शेजारणीनं सूप बाजूला ठेवलं. "भाऊ, एक इचारते. तुमची आई गेली तवा सुतक नव्हतं तुमच्याकडं?"

"होतं की."

"तवा पन ओतलंच असेल ना सगळं?"

मी बाजूला ठेवलेल्या सुपाकडे बघितलं.

"मग तेराव्यानंतर तुमच्या ताटात दही कुठनं आलं? तवा पन इथनंच गेलं. तुमी आमच्याशी बोलत नव्हता, म्हनून तुमची बायको अशीच केळीतनं यायची, पदराखाली वाटी झाकून. ही पोर ओढनीखाली आनते, एवढाच फरक."

आईचं विरजण, आमच्या घरचं, कधी न तुटलेलं, असं मी आयुष्यभर मिशीवर हात फिरवून सांगत आलो होतो. आणि ते प्रत्येक वेळी तुटून, ज्या घराची मी पायरी चढत नव्हतो त्या घरातून परत येत होतं. बायको हे एवढं पोटात ठेवून माझ्या शेजारी जेवायला बसत होती. तिनं मला काय काय सांगितलं नसेल? हा विचार आला आणि मला तिचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा राग आला. बरं वाटलं.

"दही गोड का लागतं मग?" मी विचारलं.

"दूध पिशवीचं," शेजारीण म्हणाली, "आनि ही लवकर उचलून फ्रिजात ठेवते."

सून म्हणाली, "आंबट झालं तर ह्यांना चालत नाही." हे म्हणजे माझा मुलगा. त्याला कणगी कळत नाही आणि दहीही कळत नाही.

शेजारणीच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक शिंकं टांगलेलं होतं, काथ्याचं, काळं पडलेलं. माझ्या बायकोची गाठ मी कुठंही ओळखीन, ती दोरी उलटी वळवायची. त्यात आमचं गाडगं होतं.

सून म्हणाली, "माडाखाली पालथं पडलं होतं. मी धुऊन इकडे आणलं. घरात ठेवलं असतं तर आत्यांनी फेकलं असतं."

शेजारणीनं तिला ते खाली काढायला सांगितलं आणि माझ्या हातावर चमचाभर दही ठेवलं. मी चाटलं. जिभेच्या कडेला चिमटा बसला. बसला असं वाटलं. मला हवा होता म्हणून बसला की खरंच बसला, हे मी सांगू शकत नाही. माझा माझ्या जिभेवरही फार विश्वास नाही.

"तेच आहे?" सुनेनं विचारलं.

"असेल," मी म्हटलं.

निघताना मला राहवलं नाही. दारातून वळून विचारलं, "आणि ते तिसरं पापलेट?"

शेजारीण एवढी हसली की सुकटीचं सूप कलंडलं. "अजून तिथंच हाय का तुमी? माझ्या सासऱ्याच्या तोंडाला चव नव्हती. तुमची बायकोच म्हनाली, एक ठेवून घे बाय, त्यांना तळून दे."

"खरं?"

"तिलाच इचारा ना."

बोलून गेली, आणि मग तिनं कलंडलेलं सूप सरळ केलं. सून वाकून सुकट गोळा करायला लागली. खरं असेल, नसेल. आता कोणाला विचारणार?

मी म्हटलं, "ऐका. मी गेलो की आमच्याकडे पुन्हा सगळं ओततील. माझी बहीण अजून धडधाकट आहे, ती फ्रीजसुद्धा पालथा घालील. तेव्हा इथलं सांभाळा."

"आनि मी आधी गेले तर?"

"तर आमच्याकडे असेल. तुमचं सुतक आम्हाला कुठं लागतं?"

तिनं मान डोलावली. सुनेनं गाडग्यातलं थोडं विरजण वाटीत काढलं, झाकण लावलं आणि ओढणी पुढे घेतली. मी म्हटलं, ती ओढणी राहू दे, आता कोणापासून झाकतेस? वाटी माझ्याकडे दे.

केळीतून परत येताना वाटी मीच धरली होती. सून पुढे, मी मागे. बांधापाशी थांबून मी झाकण उचलून बघितलं. मग विहिरीपाशी आलो तेव्हा पुन्हा एकदा बघितलं.